पणजीतल्या बागा, बोर्डवॉक आणि फुटपाथ: उद्घाटनाचा नाही, ऑगस्टमधला रिव्ह्यू

फिश थाळीला किती स्टार, सोलकढी पातळ होती का, वेटर हसला का, असले रिव्ह्यू सगळेच टाकतात. पण ज्या बागेत रोज सकाळी अर्धं शहर चालायला येतं तिच्याबद्दल कुणी दोन ओळी लिहीत नाही, कारण म्हणे ती फुकट आहे. फुकट कुठली हो, घरपट्टी भरतो ना आपण. आणि दिल्लीहून, पर्वरीच्या राज्य सरकारकडून जे पैसे येतात तेही आपल्याच खिशातून फिरून आलेले असतात. तर गिऱ्हाईक म्हणून लिहितेय, ज्यांना पणजीत रहायला यायचंय किंवा आईबाबांना घेऊन चार दिवस यायचंय त्यांना उपयोग होईल.

एक गोष्ट आधीच सांगते. मी बाग डिसेंबरात बघून मार्क देत नाही. डिसेंबरात गोव्यात सगळंच छान दिसतं, हवा छान, टुरिस्ट छान, झाडं नुकती पाऊस पिऊन उभी असतात. बाग बघायची ती दोनदाच, एकदा मे महिन्यात पाण्याची बोंब असते तेव्हा आणि एकदा जुलै-ऑगस्टात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या शहरात चालायची वाट कशी बांधलीय ते तेव्हाच कळतं.

सुरुवात चर्चसमोरच्या म्युनिसिपल गार्डनपासून, म्हणजे गार्सिया दि ऑर्ता उद्यान. १८५५ची बाग आहे ही, आणि नाव ज्याचं दिलंय तो पोर्तुगीज वैद्य, १५६३ साली इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. बागेला वनस्पतीवाल्या माणसाचं नाव असावं हे मला फार आवडतं, नाहीतर हल्ली कुणाकुणाची नावं देतात. मधल्या खांबावर पूर्वी वास्को द गामा होता, आता अशोकस्तंभाचे सिंह आहेत. बाग लहान, चालायला पाच फेऱ्या मारल्या की कंटाळा येतो, पण बसायला पणजीत यासारखी जागा नाही. मोठी जुनी झाडं, सावली घट्ट, दुपारी दोन वाजतासुद्धा बसता येतं. इथे येऊन चालू नका, बसा. बाजूलाच हॉटेलं आहेत, भाजी-पाव खाऊन या आणि तासभर बसा.

कांपाल वेगळं प्रकरण आहे. मांडवीच्या काठाने बांदोडकर मार्गावरून मिरामारपर्यंत जो पट्टा जातो तो म्हणजे पणजीकरांचं खरं फुफ्फुस, हा शब्द पेपरवाले वापरून वापरून गुळगुळीत झालाय पण इथे खरा आहे. कला अकादमी, बाजूला बागा, मुलांची खेळायची जागा, मोठमोठे पर्जन्यवृक्ष, समोर नदी. संध्याकाळी आमच्या सासूबाईंना घेऊन जाते, त्यांचे गुडघे गेलेत, त्यामुळे मी प्रत्येक पायरी आणि प्रत्येक उंचवटा त्यांच्या नजरेने बघायला शिकलेय. सपाट लांब वाट आणि ठराविक अंतरावर बाक एवढंच त्यांना लागतं. बाक पाठ टेकायला असलेला पाहिजे हं, नुसता ग्रॅनाइटचा ठोकळा नको, डिझाइनवाले लोक तरुण असतात म्हणून त्यांना पाठ आठवत नाही.

आल्तिनोचा जॉगर्स पार्क ज्यांना चढ चालतो त्यांच्यासाठी. वर हवा लागते, गर्दी सकाळची नेहमीचीच मंडळी, निम्मे रिटायर्ड सरकारी. तिथे तुम्हाला कुठल्या खात्यात कुठली फाइल कुणी अडवलीय याची माहिती फुकटात मिळते.

आता पाटोजवळचा खारफुटीतला बोर्डवॉक. हा मला सगळ्यात आवडतो आणि यावर थोडं जास्त लिहिणार. रुआ द ओरेमच्या खाडीत, म्हणजे एकीकडे फोंतेनची जुनी घरं आणि दुसरीकडे पाटोच्या बँकांच्या काचेच्या बिल्डिंगा, यांच्या मधोमध तिवरांची झाडं आहेत आणि त्यातून चालायची वाट. ओहोटीच्या वेळी जा. भरतीला नुसतं पाणी दिसतं, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि मग बघा, तिवराची श्वास घ्यायची मुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली, त्यांच्यामध्ये एक पंजा मोठा असलेले छोटे खेकडे, आणि निवटे मासे चिखलावर टुणटुण उड्या मारतायत. खंड्या तर हमखास. माझा भाचा पुण्याहून आला होता, त्याला बीचवर नेलं तर मोबाइल बघत बसला आणि इथे अर्धा तास रेलिंगला लोंबकळून मासा चालतो कसा ते बघत होता. आणि हे सगळं कदंब बसस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. वास येतो, होय, चिखलाचा येतो तो खाडीचाच आहे, पण शहराचं सांडपाणी मिसळलं की येतो तो वेगळा, नाकाला फरक कळतो.

खारफुटी म्हणजे सीआरझेडच्या, किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांच्या, सगळ्यात कडक वर्गातली जागा, तिथे काहीही बांधायचं तर किनारपट्टी प्राधिकरणाकडे जावं लागतं. लोक याला कटकट म्हणतात. मी म्हणते बरंय, नाहीतर आतापर्यंत तिथे सेल्फी पॉइंट आणि आय लव्ह अमुकतमुकची लाल अक्षरं उभी राहिली असती.

हे झालं छान छान. आता आमच्या वॉर्डातली बाग. नाव देत नाही, कारण अशी बाग प्रत्येक वॉर्डात आहे, म्हापशात आहे, मडगावात आहे, फोंड्यातपण आहे, तुम्हाला वाचतानाच तुमची आठवेल. काही वर्षांपूर्वी सुशोभीकरण झालं. मला या शब्दाची आता भीती वाटते. आधी तिथे माती होती, कडेला जांभ्या चिऱ्याचे बसायचे कट्टे होते आणि चार जुनी झाडं. मग माती गेली आणि सगळीकडे पेव्हर ब्लॉक आले, लाल आणि पिवळे. गेटवर संगमरवरी पाटी, त्यावर सात-आठ नावं. ओपन जिमची मशीनं आली, रंगीत लाइटचं कारंजं आलं. पहिले काही महिने मेळाच भरायचा रोज संध्याकाळी.

मग पहिला पाऊस आला. पेव्हरच्या फटीत शेवाळ धरलं आणि आठवडाभरात अख्खी वाट हिरवी मखमल. एक शेजारीण पडली, मनगटाला प्लास्टर. सासूबाईंना तर मी जून ते ऑक्टोबर तिथे नेतच नाही. चिरा पावसात शेवाळतो तोही, पण तो खडबडीत असतो, पाय धरतो. पेव्हर गुळगुळीत, त्यावर शेवाळ म्हणजे साबण लावल्यागत. उपाय काही रॉकेट सायन्स नाही, ब्लीचिंग पावडर, कडक ब्रश आणि एक माणूस, पंधरा दिवसांतून एकदा. पण त्या एका माणसाच्या पगाराला कुठल्याही योजनेत रकाना नाही, आणि माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं.

जिमच्या मशीनचं तेच. खारी हवा, वर पाऊस, बोल्ट गंजले. पाय मागेपुढे करायच्या मशीनचा एक पाय निसटलाय, तो कुणीतरी सुतळीने बांधून ठेवलाय, गेली कित्येक महिने तसाच. कारंज्यात पाणी नाही, डास आहेत. टॉयलेटला कुलूप, किल्ली कुणाकडे तर वॉचमनकडे, वॉचमन कुठे तर वॉचमनच नाही. आणि झाडं, ती तर बघवत नाहीत, पेव्हर बुंध्याला टेकवून घातलेत, मध्ये बोटभर जागा नाही. दिल्लीत हरित लवादाने २०१३ साली सांगितलंय की झाडाभोवती मीटरभर तरी सिमेंट काढा. आपल्याकडे झाड तोडायचं म्हटलं तर १९८४ चा कायदा आहे, परवानगी लागते, पण गळा आवळायला परवानगी लागत नाही बहुतेक.

मे महिन्यात गेले तर हिरवळ पिवळी आणि माळीमामा छोट्या बादलीने पाणी घालतायत. म्हटलं मामा बादलीने का. तर म्हणाले, "पायप फुटला बाय, नवो मागला, अजून मेळूंक ना." म्हणजे नवा मागितलाय, अजून मिळालेला नाही. रबराचा पाइप. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मग मी आणि दोघीतिघी वॉर्डाच्या साहेबांना भेटलो, माणूस चांगला, चहा दिला, ऐकून घेतलं. म्हणाले नवीन बेंच पाहिजेत का, अजून दिवे पाहिजेत का, सांगा, प्रपोजल टाकतो लगेच. म्हटलं पाइप. तर म्हणाले ते मेंटेनन्समध्ये येतं, त्याला हेड नाही.

त्या दिवसापासून मी हे हेड प्रकरण, म्हणजे कुठला खर्च कुठल्या खात्यातून करता येतो ते, समजून घ्यायला लागले, आणि जे कळलं ते सांगते कारण याशिवाय हा रिव्ह्यू अर्धवट आहे. बागा, उद्यानं, खेळाची मैदानं हे नगरपालिकेचं काम, राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत बारावा मुद्दाच तो आहे. काम दिलं, पैसा मात्र तुकड्या तुकड्यांनी येतो आणि प्रत्येक तुकड्याला अट. २०१५ साली अमृत योजना आली, तिचं मुख्य काम पाणी आणि मलनिस्सारण, बागांना जास्तीत जास्त अडीच टक्के. त्याच दिवशी स्मार्ट सिटी मिशन आलं, पणजीचा नंबर मे २०१६ मध्ये लागला, केंद्राकडून शहराला ५०० कोटींपर्यंत आणि तेवढेच राज्याने घालायचे, मिशन मार्च २०२५ ला संपलं. त्या काळात पणजी किती खणली हे पणजीकरांना सांगायला नको, २०२४ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती स्वतः रस्त्यावर उतरून कामं बघून गेले. मग पंधराव्या वित्त आयोगाचं २०२६ पर्यंतचं अनुदान, आपल्यासारख्या लहान शहरांना त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले, उरलेल्या ४० टक्क्यांत बाकी सगळं बसवायचं. खासदार निधी खासदारामागे वर्षाला ५ कोटी, पण तो टिकाऊ मालमत्ता बांधायला, माळ्याचा पगार त्यातून निघत नाही. कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, २०१३ च्या कायद्यातले ते नफ्याचे दोन टक्के, त्यांना बोर्डावर नाव हवं असतं, आणि शेवाळ घासणाऱ्या ब्रशवर बोर्ड कुठे लावणार.

म्हणजे बांधायला पाच दरवाजे उघडले आणि सांभाळायला मुख्यतः एकच, तो म्हणजे पालिकेची स्वतःची कमाई. घरपट्टी, ट्रेड लायसन्स, पार्किंग, बाजारातला सोपो कर. आणि इथे पणजीची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. २०११ च्या जनगणनेत शहराच्या हद्दीत माणसं ४०,०१७ आणि आजूबाजूचा शहरी भाग धरून १ लाख १४ हजारांवर. दिवसा काम करायला, शिकायला, कोर्टात, सचिवालयाच्या वाटेवर, कॅसिनोत, इफ्फी चित्रपट महोत्सवाला सगळा गोवा आणि अर्धा भारत पणजीत येतो, बाग वापरतो, आणि घरपट्टी भरणारे आम्ही चाळीसेक हजार. त्यामुळे पालिका मिळेल ती योजना घेते आणि योजना बहुतेक नवीन बांधकामालाच पैसे देते. कुणी गाय दान देतं, चाऱ्याचं नाव काढत नाही. म्हणून दर पाच-सात वर्षांनी तीच बाग उखडून परत सुशोभित होते, कारण दुरुस्तीला हेड नाही, नूतनीकरणाला आहे. पैशांची बचत कशात आहे ते शाळेतल्या पोरालाही कळेल.

यावर उपाय टेंडरमध्येच आहे असं माझं मत झालंय. बांधणाऱ्यानेच पाच वर्षं सांभाळायची आणि पैसे वर्षावर्षाने द्यायचे, रस्त्यांच्या बाबतीत असे करार होतातच की. मग बघा ठेकेदार स्वतःच कारंजं काढायला सांगेल. सांभाळायला परवडेल तेवढंच तो बांधेल, म्हणजे मातीची वाट, चिरा, सावली, नळ.

आणि विचारायचं कुठे हा दुसरा घोळ. ताळगावात, मेरशीत राहणारा माणूस रविवारी ग्रामसभेत उभा राहतो, सरपंचाला तोंडावर विचारतो बागेचा हिशोब दाखव म्हणून, आणि गोव्यातल्या ग्रामसभा कशा पेटतात ते आपण पेपरात वाचतोच. पणजीत राहणाऱ्याला ती सोयच नाही. वॉर्ड समित्यांची सक्ती घटनेने तीन लाख लोकवस्तीच्या वरच्या शहरांना घातलीय, आम्ही चाळीस हजार, ३० वॉर्ड, सक्ती नाही. म्हणजे खेड्यातल्या माणसाला आवाज आणि राजधानीतल्याला माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये आणि तीस दिवसांची वाट. अर्ज टाकायचा असेल तर एक टिप, बागेवर किती खर्च झाला असं विचारू नका, उत्तरात एक आकडा येतो. बांधकामावर किती आणि गेल्या तीन वर्षांत देखभालीवर किती, वर्षवार, असं विचारा. आणि दोष निवारण कालावधी कधी संपतो तेही विचारा, त्या तारखेच्या आत मशीन मोडलं असेल तर ठेकेदाराने फुकटात करून द्यायचं असतं.

अजून एक गोष्ट, आपल्याकडे बागा आहेत पण वाटा नाहीत. कांपालहून बोर्डवॉकपर्यंत सलग चालत जा बघू. मध्ये फुटपाथ अचानक संपतो, मग ट्रान्सफॉर्मर, मग पार्क केलेल्या स्कूटर, मग गटाराचं हललेलं झाकण, मग रस्त्यावर उतरायचं. मांडवीवरचा अटल सेतू ५.१ किलोमीटरचा देखणा पूल, त्यावर चालणाऱ्याला जागा नाही आणि दुचाकीलाही बंदी. उलट १६३३-३४ मध्ये बांधलेला रायबंदरचा पोंते द लिन्यारिस पूल, तीन किलोमीटरच्या वर लांब, एका बाजूला मिठागरं आणि पक्षी, दुसरीकडे नदी, ती खरी चालायची वाट व्हायला हवी होती. पहाटे जा, नंतर बसगाड्या अंगावरून जातात.

सांतिनेजचा नाला बघा. ताळगावच्या नागाळीकडून येतो आणि कांपालच्या बाजूला मांडवीला मिळतो, म्हणजे शहराच्या पोटातून जाणारी आयती रेघ. शेजारी हुबळी-धारवाडला केंद्राच्या सिटीज (CITIIS) योजनेतून, फ्रेंच विकास संस्थेच्या कर्जाच्या आधाराने, नाल्याकाठी सायकल आणि चालायची वाट घेतलीय. आपण तिकडून भाजी आणतो, जमलं तर आयडियापण आणू. पण आधी पाणी साफ, मग वाट, मग लागलाच तर बाक, हा क्रम उलटा केला की नाक दाबून चालायला लागतं आणि मग कुणी येत नाही आणि मग म्हणतात लोकांना चालायची आवडच नाही.

तर स्टार. म्युनिसिपल गार्डन चार, सावलीसाठी. कांपाल चार, नदी आणि सपाट वाट. बोर्डवॉक साडेचार, अर्धा स्टार कापला कारण भरती-ओहोटीच्या वेळांची साधी पाटी कुणी लावली तर किती बरं होईल. आल्तिनो साडेतीन, गुडघेवाल्यांना दोन. आमच्या वॉर्डातल्या बागेला डिसेंबरात साडेतीन आणि ऑगस्टात एक, तो एकही माळीमामांचा.

बाहेरून येणाऱ्यांसाठी शेवटचं. वेळ असेल तर रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने चोडण बेटावर जा. उतरल्यावर जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, १९८८ चं, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, आतून खारफुटीतली वाट. सकाळी लवकर जा, हिवाळ्यात जा, पाण्याची बाटली आणि डासांचं मलम न्या, चपला नको, पकड असलेले बूट घाला. परतताना फेरी चुकली तर चिडू नका, पुढची येतेच.